इंग्लिश सरदारकीच्या पदवीचा माग कसा काढायचा: कुठून आली, कोणाकडे गेली आणि खरंच संपली का

लॉर्ड कर्झनची पदवी आज कोणाकडे आहे, असं कोणी विचारलं की आधी उलट विचारायचं, कुठली पदवी? कारण कर्झन २० मार्च १९२५ ला वारला तेव्हा त्याच्या नावावर एक नाही, सात-आठ पदव्या होत्या. त्यातल्या काही त्याच दिवशी कायमच्या संपल्या, काही पुतण्याला मिळाल्या आणि एक थेट थोरल्या मुलीकडे गेली. हे असं का झालं ते ज्याला नीट सांगता येतं त्याला इंग्लंडातली कुठलीही पदवी वाचता येते, आणि ते शिकणं वाटतं तेवढं अवघड नाहीये, फक्त कामाचा क्रम चुकवायचा नाही. बरेच जण सुरुवातच वंशावळीपासून करतात, कोणाचा मुलगा कोण, कोणाचं लग्न कोणाशी, आणि मग तिसऱ्या पिढीत गुंता होतो. वंशावळ नंतर. आधी सनद.

सनद म्हणजे लेटर्स पेटंट. राजा किंवा राणी एखाद्याला ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट किंवा बॅरन करते (पाच दर्जे, वरून खाली याच क्रमाने) तेव्हा ग्रेट सील, म्हणजे राज्याची मोठी मोहोर, लावलेला एक कागद निघतो, आणि त्या कागदातच लिहिलेलं असतं की हा माणूस गेल्यावर पदवी कोणाकडे जाणार. त्या वाक्याला रिमेंडर म्हणतात. पदवीचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका वाक्यावर चालतं. घर, जमीन, पैसा मृत्युपत्राने कोणालाही देता येतो, पदवी देता येत नाही, विकता येत नाही, लाडक्या मुलाच्या नावावर करता येत नाही. वाडा एकाकडे आणि पदवी दुसऱ्याकडे असं व्हायला काहीच हरकत नसते आणि तसं होतंही.

तर कामाला लागताना पहिल्यांदा कागदावर माणसाचं नाव लिहू नका, पदवीचं लिहा, आणि प्रत्येक पदवीला वेगळा कागद घ्या. मोठ्या सरदाराकडे वेगवेगळ्या काळात मिळालेल्या चार-सहा पदव्या असतात आणि प्रत्येकीची सनद वेगळी, म्हणून वाटही वेगळी. मग बघायचं की ही पदवी वंशपरंपरेची आहे का, कारण १९५८ च्या लाइफ पीअरेजेस ॲक्टनंतर जे ढीगभर लॉर्ड आणि बॅरोनेस झाले त्यांची पदवी त्यांच्याबरोबरच संपते, तिथे वारस शोधण्यात वेळ घालवायचा नाही.

पुढचं, ही पदवी कुठल्या पीअरेजमधली आहे, म्हणजे कुठल्या राज्याच्या सरदारकीच्या पदव्यांमधली. १७०७ पर्यंत इंग्लंडचं वेगळं आणि स्कॉटलंडचं वेगळं, १७०७ ते १८०० ग्रेट ब्रिटनचं, १८०१ पासून युनायटेड किंग्डमचं, आणि आयर्लंडचं आपलं स्वतंत्र चालू होतं. हे का बघायचं, तर नियम बदलतात. स्कॉटलंडच्या बऱ्याच जुन्या पदव्या मुलगा नसेल तर थोरल्या मुलीला जातात, इंग्लंडच्या सनदेच्या पदव्या सहसा जात नाहीत. आयर्लंडची पदवी असलेल्याला तेव्हा हाउस ऑफ कॉमन्समध्ये निवडून यायची मुभा होती, म्हणून तर कर्झनने १८९८ मध्ये व्हाइसरॉय म्हणून निघताना आयर्लंडची बॅरनी घेतली, परत आल्यावर राजकारणाची दारं उघडी राहावीत म्हणून. आयर्लंडच्या पीअरेजमध्ये निर्माण झालेली ती शेवटची पदवी.

मग क्रिएशन, आणि इथे थांबून नीट बघा कारण निम्म्या चुका इथेच होतात. एकच नाव असलेली पदवी अनेकदा निर्माण झालेली असते, म्हणजे एक संपते, काही वर्षं जातात, राजा तेच नाव दुसऱ्याच घराण्याला देतो, आणि आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. अर्ल ऑफ एसेक्स घ्या. मी सुरुवातीला त्यांची एकच सलग वंशावळ काढायला बसलो होतो आणि दोन संध्याकाळी एकाचा बाप दुसऱ्याशी जुळेना, कारण ती अनेक वेगळी घराणी आहेत. आठव्या हेन्रीने थॉमस क्रॉमवेलला एप्रिल १५४० मध्ये अर्ल ऑफ एसेक्स केलं आणि २८ जुलैला त्याचं डोकं उडवलं, पदवी जप्त. १५४३ ला ती विल्यम पारला दिली, तो मेरीऐवजी गादीवर बसवलेल्या लेडी जेन ग्रेच्या बाजूने गेला म्हणून मेरी ट्यूडरच्या राज्यात त्याची गेली. १५७२ ला वॉल्टर डेव्हरोला दिली, त्याच्या मुलाने एलिझाबेथविरुद्ध उठाव केला, १६०१ ला शिरच्छेद, पदवी पुन्हा जप्त, पण नातवाला १६०४ मध्ये परत मिळाली आणि तो १६४६ ला मुलगा मागे न ठेवता वारला तेव्हा संपली. १६६१ मध्ये आर्थर कॅपेलला नव्याने दिली आणि ती आजही चालू आहे. म्हणून ‘दुसरा अर्ल ऑफ एसेक्स’ एवढंच कोणी लिहिलं तर त्याला काही अर्थ नाही, कुठल्या सालच्या क्रिएशनमधला दुसरा ते लिहायला हवं. कागदाच्या डोक्यावर साल टाकायची सवय लावून घ्या.

आता मूळ सनद. १६६५ पासून लंडन गॅझेट निघतंय, ते ऑनलाइन फुकट चाळता येतं, नवीन पदवी दिल्याची नोंद त्यात असते आणि वेगळा रिमेंडर असेल तर तोही बहुतेकदा तिथे छापलेला असतो. त्याआधीच्या सनदांच्या नोंदी पेटंट रोल आणि चार्टर रोलमध्ये, ते क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, आणि जुन्या लॅटिनमध्ये असले तरी बऱ्याच भागाचे छापील इंग्रजी सारांश निघालेले आहेत. गॅझेट वाचताना पदवीच्या मागचं गाव पण उतरवून घ्या, ते शोभेसाठी नसतं, एकाच आडनावाच्या दोन पदव्या वेगळ्या ओळखायला तेच उपयोगी पडतं.

सनदेतला नेहमीचा रिमेंडर असा असतो: पदवी याला आणि याच्या देहापासून कायदेशीर जन्मलेल्या पुरुष वारसांना. या वाक्यातला एकेक शब्द सुटा करून वाचायचा. ‘पुरुष वारस’ म्हणजे नुसता पुरुष नाही, मधली सगळी साखळी पुरुषांची लागते, म्हणून मुलीचा मुलगा पुरुष असूनही बाद. ‘कायदेशीर जन्मलेला’ म्हणजे आईबापाच्या लग्नातून झालेला. इंग्लंडच्या पदवीच्या बाबतीत मुलगा झाल्यावर आईबापांनी लग्न केलं तरी तो साधारणपणे वारस होत नाही, आणि दत्तक मुलगा तर नाहीच नाही, वंश बुडत असला तरी दत्तक घेऊन पदवी वाचवता येत नाही. ही गोष्ट आपल्या डोक्यात पटकन बसत नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय. आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा शब्द, ‘याच्या देहापासून’. म्हणजे ज्याला पदवी पहिल्यांदा दिली त्याच्या पोटची संतती पाहिजे.

हे एकदा कळलं की वारस काढायची रीत सोपी होते. धारक वारला की आधी थोरला मुलगा. तो आधीच वारला असेल तर त्याचा मुलगा, म्हणजे नातू, आणि हा नातू धाकट्या काकाच्या आधी येतो. हॅरॉल्ड मॅकमिलन १९८४ च्या फेब्रुवारीत अर्ल ऑफ स्टॉकटन झाले, त्यांचा मुलगा मॉरिस मार्चमध्येच गेला, आणि डिसेंबर १९८६ ला मॅकमिलन वारले तेव्हा पदवी सरळ नातवाकडे गेली. थोरल्याची पूर्ण शाखा संपली की दुसरा मुलगा आणि त्याची शाखा, मग तिसरा. कोणीच नसेल तर एक पिढी वर चढायचं, धारकाच्या भावांकडे, मग काकांकडे, मग चुलत काकांच्या वंशाकडे, असं चढत चढत पहिल्या धारकापर्यंत. पण तिथे थांबायचं. पहिल्या धारकाच्या भावाला काही मिळत नाही, कारण तो पहिल्या धारकाच्या देहापासून जन्मलेला नाही. पाचव्या अर्लचा भाऊ वारस होऊ शकतो, पहिल्या अर्लचा नाही. कारण तेवढंच आहे, तरी हे पुस्तकं वाचणारे लोकही चुकतात.

नेल्सनवरून हे डोळ्यांसमोर येतं. ट्रफाल्गरला २१ ऑक्टोबर १८०५ ला तो पडला तेव्हा त्याला औरस मुलगा नव्हता. त्याची १७९८ ची बॅरनी आणि १८०१ ची व्हायकाउंटची पदवी नेहमीच्या रिमेंडरची होती, दोन्ही त्याच दिवशी संपल्या, सख्खा भाऊ विल्यम जिवंत असूनही. पण १८०१ च्या ऑगस्टमध्ये त्याने आणखी एक बॅरनी मिळवलेली होती जिच्या सनदेत खास रिमेंडर होता, आपल्याला मुलगा नसेल तर वडील आणि वडिलांचे पुरुष वंशज. ती विल्यमला मिळाली. पुढे त्याच विल्यमला सरकारने अर्ल नेल्सन केलं, पण ते नवं क्रिएशन, वारसा नाही, म्हणून वेगळ्या कागदावर.

मृत्यूची वेळही कधी कधी मोजावी लागते. पहिले लॉर्ड स्टॅम्प १६ एप्रिल १९४१ ला लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात घरातच गेले, बरोबर पत्नी आणि थोरला मुलगा विल्फ्रेडही. आधी कोण गेलं ते सांगायला कोणीच नाही. इंग्लंडचा कायदा म्हणतो की अशा वेळी वयाने मोठा आधी गेला असं धरायचं, म्हणून विल्फ्रेड कागदोपत्री क्षणभर दुसरा बॅरन स्टॅम्प झाला, आणि पदवी त्याच्या धाकट्या भावाकडे आली तेव्हा तो तिसरा बॅरन मोजला गेला. सरकारने वारसाकरही दोन मृत्यूंचा दोनदा लावला. वंशावळीत एखाद्याच्या नावापुढे धारण केल्याची आणि मृत्यूची तारीख एकच दिसली तर ती छपाईची चूक समजून खोडू नका, आधी काय झालं होतं ते शोधा.

‘देहापासून’ हे शब्द सनदेत नसतील तर काय होतं? याचं उत्तर अर्ल ऑफ डेव्हन. मेरी ट्यूडरने १५५३ मध्ये एडवर्ड कोर्टनेला ही पदवी दिली. बिचाऱ्याचं अर्धं आयुष्य टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत गेलेलं, तिथून सुटून जेमतेम तीन वर्षं झाली तोवर १५५६ ला इटलीत पादुआला वारला, लग्न नाही, मूल नाही. सगळ्यांनी धरलं, संपली. इतकं पक्कं धरलं की १६०३ मध्ये ते नाव चार्ल्स ब्लाउंटला देऊन झालं, त्याचं तीन वर्षांत संपलं, मग १६१८ मध्ये कॅव्हेंडिश घराण्याला, तेच पुढे ड्यूक ऑफ डेव्हनशर झाले. इकडे पाउडरहॅमला कोर्टनेंची लांबची शाखा नांदत होती. मग एकोणिसाव्या शतकात त्या घराण्यातल्या एकाने, तो पार्लमेंटच्या कचेरीत नोकरीला होता म्हणजे जुनी दप्तरं त्याच्या हाताखालचीच, १५५३ ची सनद पुन्हा वाचायला घेतली. त्यात लिहिलं होतं, एडवर्डला आणि त्याच्या पुरुष वारसांना. बस. ‘देहापासून’ नाहीच. मग एडवर्डच्या पोटची संतती कशाला हवी, पुरुषांच्या साखळीने जोडलेला कुठलाही नातलग चालेल, कितीही लांबचा. १८३१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने हे मान्य केलं आणि पावणेतीनशे वर्षं संपलेली समजलेली पदवी त्याचा चुलतभाऊ विल्यम कोर्टनेला मिळाली, तो पॅरिसला राहत होता. त्याला नववा अर्ल मोजतात, मधल्या काळातल्या ज्यांना आपण अर्ल आहोत हे ठाऊकच नव्हतं त्यांनाही आकडा देऊन. मला या सगळ्या विषयात याहून जास्त काही आवडत नाही. दोन-तीन शब्द गाळलेले, आणि तेवढ्यावर एक घराणं परत उभं राहिलं. म्हणून सनद स्वतः वाचा, ‘नेहमीसारखीच असणार’ असं धरून पुढे जाऊ नका.

खास रिमेंडर कुठे शोधायचा याचा एक अंदाज असा की मोठा पराक्रम किंवा मोठं पद आणि पोटी मुलगा नाही, असं दिसलं की सनद उघडायची. मार्लबरोचा पहिला ड्यूक जॉन चर्चिल, त्याचा मुलगा १७०३ मध्ये केंब्रिजला शिकत असताना देवीने गेला, म्हणून पार्लमेंटने १७०६ मध्ये खास कायदा करून ड्यूकपद मुलींकडे जाईल असं केलं. १७२२ ला ड्यूक गेला, थोरली हेन्रिएटा स्वतःच्या हक्काने डचेस झाली, ती १७३३ ला वारली तेव्हा तिचा मुलगा आधीच गेलेला, म्हणून पदवी बहिणीच्या मुलाकडे, चार्ल्स स्पेन्सरकडे आली. माउंटबॅटनचंही तसंच, दोन मुली, मुलगा नाही, १९४६ ची व्हायकाउंटची आणि १९४७ ची अर्लची पदवी मुलींकडे जाईल अशा सनदेने दिलेली, म्हणून १९७९ मध्ये त्याची हत्या झाल्यावर थोरली पॅट्रिशिया काउंटेस झाली आणि २०१७ मध्ये तिच्यामागे तिचा मुलगा अर्ल.

आता कर्झन सोडवू, हातात कागद घेऊन. तीन मुली, मुलगा नाही. १८९८ ची आयर्लंडची बॅरनी, नेहमीचा रिमेंडर, संपली. १९११ ची अर्ल कर्झन ऑफ केडलस्टन, संपली. १९२१ ची मार्क्वेस आणि तिच्याबरोबरची अर्ल ऑफ केडलस्टन, दोन्ही संपल्या. पण १९११ मध्येच आणखी दोन सनदा निघाल्या होत्या. व्हायकाउंट स्कार्सडेल, ज्यात लिहिलं होतं की स्वतःला मुलगा नसेल तर वडिलांच्या पुरुष वंशजांना, ती पुतण्या रिचर्डकडे. घराण्याची १७६१ ची जुनी बॅरन स्कार्सडेलही त्याच्याकडेच, कारण तिथे पहिला धारक पार वर बसलेला, कर्झन मधलाच एक, त्यामुळे त्याच्या भावाची शाखा चालते. आणि बॅरन रेव्हन्सडेल, जिच्यात रिमेंडर मुलींना आणि त्यांच्या पुरुष वंशजांना, ती थोरल्या आयरीनला. आयरीनने लग्न केलं नाही, १९६६ ला ती गेल्यावर पदवी मधल्या बहिणीच्या मुलाकडे, निकोलस मोझलीकडे आली. आणि एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, आयरीन १९२५ पासून बॅरोनेस असूनही बाई म्हणून तिला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसता येत नव्हतं, १९५८ मध्ये तिला वेगळी लाइफ पीअरेज द्यावी लागली तेव्हा कुठे ती आत गेली. वंशपरंपरेच्या पदवीवर बायकांना बसायची परवानगी १९६३ च्या कायद्याने आली.

सगळ्यात जुन्या बॅरनींना सनदच नसते, तिथे वेगळं गणित. मध्ययुगात राजा एखाद्याला पार्लमेंटला हजर राहा म्हणून हुकूम पाठवायचा, त्याला रिट म्हणतात, आणि तो माणूस जाऊन बसला की पुढे वकिलांनी त्यातून वंशपरंपरेची बॅरनी झाली असं मानलं. डी रॉस ही १२६४ च्या रिटची धरतात. रिटच्या बॅरनीत रिमेंडर लिहिलेला नसल्यामुळे ती मुलींकडेही जाते. मुलगे आधी, मुलगा नसेल आणि एकच मुलगी असेल तर ती. पण दोन किंवा जास्त मुली असतील तर? इथे थोरली-धाकटी असा भेदच नाही, सगळ्यांचा हक्क सारखा, आणि पदवीचे तुकडे होत नाहीत, म्हणून ती कोणालाच मिळत नाही. ती लटकून राहते. याला अबेयन्स म्हणतात. बाकीच्या बहिणींच्या शाखा संपून एकच उरली की तिथे आपोआप जाते, नाहीतर राजा किंवा राणी एका वारसाच्या बाजूने ती मोकळी करते. ग्रे ऑफ कॉडनरची बॅरनी १४९६ पासून लटकलेली होती ती १९८९ मध्ये मोकळी झाली, ४९३ वर्षांनी. त्यामुळे रिटच्या बॅरनीवर काम करताना मुली गाळून वंशावळ काढलीत तर सगळं फुकट, प्रत्येक बहिणीची शाखा आजपर्यंत उतरवावी लागते.

कायदेशीर लग्नाचा मुद्दा किती खोल जातो त्याचं उदाहरण म्हणजे बॅरन सिन्हा. सत्येंद्र प्रसन्न सिन्हा १९१९ मध्ये बंगालमधल्या रायपूरचे बॅरन सिन्हा झाले, वंशपरंपरेची पदवी मिळालेले पहिले भारतीय. १९२८ ला ते गेले आणि मुलगा अरुण कुमार पुढे आला तर अडचण अशी निघाली की ज्या हिंदू रीतीने आईवडिलांचं लग्न झालं ती त्या काळी दुसऱ्या बायकोला परवानगी देणारी, मग इंग्लंडच्या नजरेत हे लग्न धरायचं का, आणि मुलगा ‘कायदेशीर जन्मलेला’ ठरतो का? वडिलांनी एकच लग्न केलं होतं, तरीही. शेवटी आईवडील मुलाच्या जन्माआधी साधारण ब्राह्मो समाजात आले होते आणि तिथे एकच लग्न चालतं हे धरून हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने १९३९ मध्ये हक्क मान्य केला. अकरा वर्षं. सनद नेहमीचीच होती, सगळं अडलं ते ‘कायदेशीर’ या एका शब्दावर.

मग पदवी संपली हे कधी म्हणायचं? एक्स्टिंक्ट म्हणजे सनदेत बसणारा एकही वारस पृथ्वीवर नाही, आणि हे सिद्ध करायला पहिल्या धारकाच्या प्रत्येक मुलाची शाखा कुठे थांबली ते दाखवावं लागतं. अलीकडच्या पदवीत ते सोपं. विल्यम व्हाइटलॉ १९८३ मध्ये व्हायकाउंट झाले तेव्हा त्यांना चार मुली होत्या, मुलगा नव्हता, १९९९ ला ते गेले आणि पदवीही गेली. जुन्या पदवीत कोण धाकटा मुलगा जहाजावर चढून कुठे गेला आणि पुढे त्याचं काय झालं हे कोणालाच माहीत नसतं, तिथे डॉर्मंट लिहायचं, म्हणजे झोपलेली, वारस असेलही, सापडला नाही. ऑक्सफर्डचे अर्ल, डी व्हेर घराणं, बाराव्या शतकापासून चालत आलेले, विसावा अर्ल १७०३ ला गेला आणि पुढे कोणी आलं नाही. रॉबर्ट हार्लीला १७११ मध्ये तेच नाव द्यायचं ठरलं तेव्हा त्याची पदवी ‘अर्ल ऑफ ऑक्सफर्ड अँड अर्ल मॉर्टिमर’ अशी जोडून केली, उद्या डी व्हेरचा कोणी लांबचा वारस उगवलाच तर हार्लीकडे दुसरं नाव असावं म्हणून. खात्री नसेल तेव्हा तुम्हीही एक्स्टिंक्ट लिहायची घाई करू नका.

जप्ती वेगळी. राजद्रोहाचा ठपका आला की अटेंडर, पदवी तर जायचीच, शिवाय त्याच्यातून खाली वारसाच पोचत नाही असं धरलं जायचं, जोवर पार्लमेंट ते उलटवत नाही. नॉरफकचं ड्यूकपद १५७२ ला गेलं ते १६६० ला परत आलं. १८७० च्या कायद्याने अटेंडर बंद झालं, पण पहिल्या महायुद्धात शत्रूच्या बाजूने असलेल्यांसाठी १९१७ मध्ये खास कायदा करून कंबरलंड आणि अल्बनीचे ड्यूक आणि व्हायकाउंट ताफे यांच्या पदव्या काढल्या. दोन्ही ड्यूकपदांना वारस आहेत, पदवी थांबवलेली आहे, म्हणून ती संपलेली लिहायची नाहीत.

धारकच राजा झाला तर पदवी राजमुकुटात विरघळते. ड्यूक ऑफ एडिनबरा ही १९४७ ची पदवी प्रिन्स फिलिप ९ एप्रिल २०२१ ला गेल्यावर चार्ल्सकडे आली, ८ सप्टेंबर २०२२ ला तो राजा झाला त्या क्षणी ती विरली, आणि १० मार्च २०२३ ला प्रिन्स एडवर्डला दिली ती पूर्ण नवी पदवी आहे, तीही फक्त त्याच्या हयातीपुरती. बापाची पदवी मुलाला मिळाली असं सगळीकडे लिहिलं गेलं, ते चूक आहे.

आणि पदवी नाकारली म्हणजे संपली असंही नाही. टोनी बेन कॉमन्समध्ये निवडून आलेले, १९६० मध्ये वडील व्हायकाउंट स्टॅन्सगेट वारले आणि पदवी अंगावर पडल्यामुळे त्यांची जागा गेली. लढून लढून १९६३ चा पीअरेज ॲक्ट झाला आणि कायदा झाला त्याच दिवशी, ३१ जुलैला, त्यांनी पदवी सोडली. पण ती त्यांच्या हयातीपुरती सुटते. २०१४ मध्ये ते गेल्यावर मुलगा व्हायकाउंट स्टॅन्सगेट झाला. तुमच्या कागदावर अशा माणसाचा आकडा ठेवा, पुढे ‘सोडली’ एवढं लिहा.

आजचा धारक कोण ते बघायला २००४ पासून रोल ऑफ द पीअरेज आहे, कुलचिन्हांची नोंद ठेवणाऱ्या कॉलेज ऑफ आर्म्सच्या साइटवर वाचायला मिळतो. वारसाने स्वतः अर्ज करून जन्माचे, आईवडिलांच्या लग्नाचे, आधीच्या धारकाच्या मृत्यूचे दाखले दिले की नाव चढतं, नाव नसेल तर सरकारी कागदांत त्याला त्या पदवीने संबोधत नाहीत. त्यामुळे रोलमध्ये नाव दिसलं नाही म्हणजे पदवी संपली असं नाही, कोणी अर्जच केला नसेल असंही असतं. आणि ‘लॉर्ड’ लावणारा प्रत्येक जण पीअर, म्हणजे खरा पदवीधारक, नसतो. ड्यूकचा थोरला मुलगा बापाची खालची पदवी नुसती वापरतो, धाकट्यांच्या नावामागे लॉर्ड लागतं, ते सगळं रीतीने मिळालेलं, कायद्याने ते पीअर नाहीत, त्यांना मुख्य रांगेत आकडा देऊ नका. तसंच लॉर्ड ऑफ द मॅनर, हा जमिनीशी जोडलेला हक्क आहे आणि तो खरंच विकला जातो, पण त्याचा पीअरेजशी संबंध नाही, आणि पीअरेजसारखे मान पैसे घेऊन मिळवून देण्याचा सौदा करणं १९२५ च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा ऑनलाइन कोणी पैसे घेऊन लॉर्ड करून देतो म्हणाला तर त्याच्याकडे एकच मागायचं, सनद कुठल्या सालची आणि रिमेंडरमध्ये काय लिहिलंय.